घोडीचे दुखरे खूर आणि नालबंदांची वानवा

या महिन्यात नाशिक जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे घोड्यांच्या एकाच आजाराविषयी, म्हणजे लॅमिनायटिसविषयी (खुराच्या आतल्या पडद्यांच्या दुखऱ्या बिघाडाविषयी) आहेत. खुरांचे काम जाणणारा माणूस मिळत नाही, ही तक्रारही तिन्ही पत्रांत आहे. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. माझी काठेवाडी घोडी नऊ वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी रात्री दावे सुटल्याने तिने पडवीतल्या बाजरीच्या पोत्यात तोंड घातले आणि सकाळपर्यंत बरीच बाजरी फस्त केली. तो दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी मात्र ती पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून मागे रेलून उभी राहिली आणि जागची हलेना. डॉक्टरांनी लॅमिनायटिस असल्याचे सांगून उपचार केले. आता ती मऊ मातीत बरी चालते, पण कडक जमिनीवर आणि वळताना लंगडते. खुरांवर आडव्या रेघा उमटल्या आहेत. आमच्याकडे बैलांना पत्री मारणारे आहेत, पण घोड्यांचा नालबंद नाही. एक जण लोखंडी नाल ठोकून घ्या म्हणतो, तर दुसरा तळवा खरवडून वाईट रक्त काढून टाका म्हणतो. काय करावे? — एक शेतकरी, दिंडोरी तालुका

उत्तर : कृपा करून सध्या या दोन्हींपैकी काहीही करू नये आणि तळवा तर कोणालाही खरवडू देऊ नये. यामागचे कारण समजून घेतले, तर पुढचे बरेच निर्णय आपल्याला स्वतःच घेता येतील. खुराची बाहेरची कठीण भिंत आणि आतले खुराचे हाड यांना पातळ पडद्यांच्या साडेपाचशे ते सहाशे उभ्या घड्या एकमेकींत अडकून धरून ठेवतात. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत, तशी ही रचना असते. एकदम भरपूर धान्य पोटात गेले की त्यातला न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात आंबतो, तेथील जिवाणूंचा समतोल बिघडतो, विषारी द्रव्ये रक्तात उतरतात आणि या घड्यांची पकड सैल होते. वरून शरीराचे वजन दाबत असते, मागून पायाचा मोठा स्नायुबंध हाडाला ओढत असतो. त्यामुळे पकड सुटलेल्या हाडाचे पुढचे टोक खाली तळव्याकडे झुकते. अशा वेळी हाड आणि जमीन यांच्यामध्ये तळव्याचा तेवढाच जाड थर उरलेला असतो. तो खरवडणे म्हणजे घोडीचे उरलेसुरले संरक्षण काढून घेणे होय.

सर्वांत आधी पुढच्या दोन्ही खुरांचा एक्स-रे काढून घ्यावा, असा माझा आग्रह आहे. नालबंद नसला तरी चालेल, पण एक्स-रेशिवाय खुराला कानस लावणे म्हणजे अंदाजाने काम करणे ठरते. नाशिकच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करावी, अथवा फिरते एक्स-रे यंत्र असलेल्या खासगी पशुवैद्यकाला बोलवावे. घोडीला सारख्या उंचीच्या दोन लाकडी ठोकळ्यांवर उभे करून बाजूने चित्र घ्यायला सांगावे. खूर आणि कातडी जिथे मिळतात त्या कडेपासून खुराच्या पुढच्या भिंतीवर सरळ तार चिकटवावी, म्हणजे भिंत आणि हाड यांच्यातला कोन चित्रात स्पष्ट दिसतो. हाड किती झुकले आहे, ते खाली घसरले आहे का आणि टोकाखाली तळवा किती जाड उरला आहे, या तीन गोष्टी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्याव्यात. निरोगी खुरात तळव्याची जाडी साधारण १५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असते. ती १० मिलिमीटरच्या खाली गेली असेल, तर दगड-खडीच्या जमिनीवर घोडीला एक पाऊलही टाकू देऊ नये.

आता खुराच्या कापणीविषयी. आपण पाहिलेल्या आडव्या रेघांकडे एकदा नीट बघावे. निरोगी खुरात त्या एकमेकींना समांतर असतात. लॅमिनायटिस झालेल्या खुरात त्या पुढे जवळजवळ आणि टाचेकडे रुंद होत जातात, कारण पुढची भिंत हळू वाढते आणि टाच भराभर वाढते. त्यामुळे खूर पुढे लांबतो, टाच उंच होते आणि प्रत्येक पावलाला पुढचे लांबलेले टोक भिंतीला हाडापासून आणखी दूर खेचत राहते. हा खेच कमी करणे, हेच कापणीचे मुख्य काम आहे. कातडीच्या कडेखालची अगदी वरची सेंटिमीटरभर नवी वाढ ज्या उताराने खाली येत आहे, तो उतार खुराचा खरा उतार समजावा. त्या रेषेच्या पुढे आलेली खालची भिंत कानशीने थोडी थोडी मागे आणावी आणि खालून पुढच्या कडेला तिरकी उतरण द्यावी, म्हणजे पाऊल उचलताना टोकावर जोर येणार नाही. टाच उतरवायची ती मागच्या बाजूने, एका वेळी दोन-तीन मिलिमीटर आणि तीही एक्स-रे पाहून पशुवैद्यकाने सांगितल्यावरच. तळव्याच्या मध्यभागी असलेल्या चिवट त्रिकोणी भागाच्या पुढे तळव्याला सुरी अजिबात लावू नये.

हे काम दोन महिन्यांतून एकदा भरपूर कापून करण्यापेक्षा दर दोन-तीन आठवड्यांनी थोडे थोडे कानसून केलेले अधिक सुरक्षित असते. ज्या भागात तरबेज नालबंद नाही, तेथे तर हाच मार्ग धरावा. कारण थोड्या कानसण्यात झालेली चूक पुढच्या वाढीत भरून निघते, सुरीने उडवलेला तळवा मात्र भरून यायला महिने लागतात. कानसल्यानंतर दुसऱ्या दिवशी घोडी अधिक दुखरी झाली, तर काम तिथेच थांबवून डॉक्टरांना कळवावे. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो, त्यामुळे पुढची भिंत वरपासून खालपर्यंत नवी यायला ९ ते १२ महिने लागतात. तेवढा काळ धीर धरावाच लागेल.

आपल्या मोबाईलचा येथे मोठा उपयोग आहे. घोडीचा पाय सपाट फळीवर ठेवून, मोबाईल जमिनीवर खुराच्या पातळीत धरून बाजूने एक, समोरून एक आणि खूर उचलून तळव्याचा एक असे फोटो दर महिन्याला काढावेत. शेजारी मोजपट्टी ठेवावी. पुण्याच्या किंवा मुंबईच्या रेसकोर्सवर काम करणारा जाणकार नालबंद दर महिन्याला दिंडोरीला येऊ शकणार नाही, पण असे फोटो आणि एक्स-रे पाहून कुठे किती कानसावे हे तो फोनवर सांगू शकतो. सरळ रेषेतले असे फोटो नसतील, तर त्यालाही सांगणे अवघड होते.

लोखंडी नालेचा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असेल; परंतु साधी नाल सगळे वजन भिंतीवर टाकते आणि आपल्या घोडीची दुखरी बाजू तर भिंतच आहे. या आजारासाठी वेगळ्या घडणीच्या नाला असतात, पण त्या एक्स-रे पाहून बसवणाऱ्या हातानेच बसवाव्यात. तोवर शीतगृहांच्या भिंतींना वापरतात तसा सुमारे ५ सेंटिमीटर जाडीचा दाट फोम खुराच्या आकारात कापून तळव्याखाली चिकटपट्टीने घट्ट बांधावा. साधा थर्माकोल एका दिवसात चुरा होतो, तो वापरू नये. चिकटपट्टी कातडीच्या कडेवर आवळू नये आणि फोम रोज सोडून तळवा कोरडा आहे ना, हे पाहावे. तबेल्यात १५ ते २० सेंटिमीटर जाड वाळू किंवा वखारीतला लाकडाचा भुसा अंथरावा. वाळू अंथरली असेल तर चारा तिच्यावर टाकू नये, गव्हाणीत द्यावा, अन्यथा वाळू पोटात जाऊन शूळ उठतो.

चाऱ्याविषयी मी थोडे कठोर लिहितो, कारण खुराचे कितीही चांगले काम गव्हाणीतल्या चुकीमुळे वाया जाते. बाजरी, ज्वारी, गहू, मका, भिजवलेला हरभरा, गूळ, उसाचे वाडे हे सगळे बंद ठेवावे. गव्हाचा कोंडा हलका खुराक समजून दिला जातो, पण त्यातही स्टार्च बराच असतो. मुख्य आहार वाळलेल्या गवताचा असावा. ते तासभर थंड पाण्यात भिजवून, पाणी ओतून देऊन मग घालावे, म्हणजे त्यातली विरघळणारी साखर बरीच कमी होते. उन्हाळ्यात त्याहून जास्त वेळ भिजवल्यास ते आंबते. घोडीचे वजन काट्याशिवायही काढता येते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. घेर १६५ आणि लांबी १५० असेल, तर वजन सुमारे ३४४ किलो येते. घोडी लठ्ठ असेल, तर या वजनाच्या दीड टक्का, म्हणजे साधारण सव्वापाच किलो वाळलेला चारा दिवसभरात चार-पाच वेळा विभागून द्यावा. ती रोडावली असेल, तर चारा तोडू नये. उपाशी तर कोणत्याही घोड्याला ठेवू नये. लठ्ठ घोडी, तट्टे आणि गाढवे उपाशी राहिली की त्यांच्या रक्तात चरबी इतकी वाढते की त्यातच ती दगावतात. आणखी एक गोष्ट याच ओघात सांगतो. कोंबड्यांचे खाद्य किंवा मोनेन्सिन हे औषध मिसळलेले गाईगुरांचे खाद्य घोड्यासाठी प्राणघातक असते, ते चुकूनही गव्हाणीत येऊ देऊ नये.

वेदनाशामक औषध पशुवैद्यकांनी सांगितलेलेच, सांगितले तितकेच द्यावे. दोन वेदनाशामके एकत्र दिल्याने किंवा महिनोन्महिने चालू ठेवल्याने घोड्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडांवरही ताण येतो. औषधाच्या दुकानात कोणी डायक्लोफिनॅक पुढे केले, तर घेऊ नये. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण ते दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मरतात. आपल्या जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर-हरसूल पट्ट्यात गिधाडे अजून टिकून आहेत. मेलोक्झिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे आणि आपले डॉक्टर त्याचा विचार करू शकतील.

येत्या महिन्यांत कधी घोडी एकाएकी एकाच पायावर अजिबात वजन टाकेनाशी झाली, तर आजार उलटला असे समजून घाबरू नये. या आजारात सैल झालेल्या भिंतीच्या आत मेलेल्या पेशी साचून पू होतो आणि बहुतेक वेळा दुखणे त्याचेच असते. पशुवैद्यकाकडून तो नेमक्या जागी मोकळा करून घ्यावा आणि धनुर्वाताची लस दिलेली आहे ना, याची खात्री करावी, कारण सर्व पाळीव जनावरांत घोडा धनुर्वाताला सर्वांत लवकर बळी पडतो.

प्रश्न : आमची घोडी लग्नाच्या वरातीसाठी आहे. अंगाने भरलेली आहे आणि मानेवर आयाळीखाली चरबीचा कडक उंचवटा आला आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिने दोनदा पाय धरले. आम्ही तिला गोदाघाटावर पाण्यात उभी करतो. घरातले वडीलधारे म्हणतात की चालवून घाम काढला की पाय सुटतात. एकाने डाग द्यायला सांगितले. लग्नाच्या तिथी जवळ आल्या आहेत. काय करावे? — पंचवटी, नाशिक

उत्तर : पायांत दुखणे असताना घोडीला चालवून घाम काढू नये. वडीलधाऱ्यांच्या अनुभवाचा मान ठेवूनच हे स्पष्टपणे लिहितो, की सैल झालेल्या घड्या प्रत्येक पावलाला आणखी फाटतात आणि सक्तीने चालवलेल्या घोडीचे हाड कायमचे झुकू शकते. तिला मऊ जागी उभे राहू द्यावे आणि आडवे व्हायचे असेल तर होऊ द्यावे. डाग देण्याने किंवा रक्त काढण्याने खुरातल्या बिघाडावर काहीही उपाय होत नाही, वेदना तेवढी वाढते.

नदीच्या पाण्यात उभे केल्याने तिला आराम वाटत असेल, परंतु थंडीचा खरा उपयोग होण्यासाठी खुराचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जावे लागते आणि तेवढे थंड पाणी गोदावरीत मिळत नाही. गुडघ्याच्या खालपर्यंत पाय बर्फाच्या पाण्यात सलग ४८ ते ७२ तास ठेवणे हा उपाय आजार सुरू होण्याच्या बेतात असताना किंवा अगदी पहिल्या टप्प्यात कामाचा आहे. बर्फ कारखान्यातून आणून, पायावर बांधलेल्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत पाण्यासह भरावा आणि दर दोन तासांनी बदलावा. घोडीने धान्याच्या पोत्यात तोंड घातल्याचे कळले, तर पाय दुखण्याची वाट न पाहता त्याच घटकेला डॉक्टरांना बोलवून हा बर्फ सुरू करावा. लंगडणे दिसायला बहुधा एक ते दोन दिवस लागतात आणि तोवर आतले नुकसान झालेले असते. शासनाच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे.

आपल्या घोडीचे मूळ दुखणे मात्र वेगळे दिसते. मानेवरचा कडक उंचवटा आणि पुन्हा पुन्हा येणारा त्रास यावरून तिच्या शरीरात इन्सुलिन प्रमाणाबाहेर वाढत असण्याचा दाट संभव आहे. पशुवैद्यकाकडून रक्तातील इन्सुलिन तपासून घ्यावे. घोडी पंधरा वर्षांच्या पुढची असेल आणि उन्हाळ्यातही अंगावरचे लांब केस झडत नसतील, तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या विकाराचीही तपासणी करावी. वरातीत वऱ्हाडी मंडळी हौसेने पेढा, गूळ, डाळ भरवतात. त्यांना हात जोडून नाही म्हणावे. माणसे समजून घेतात. पावसाळ्यात कोवळ्या हिरव्या गवतावर तिला मोकळी सोडू नये. रोज सकाळी, खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटांनी हलके दाबून नाडी पाहण्याची सवय लावून घ्यावी. निरोगी घोडीची नाडी तिथे जेमतेम लागते. ती बोटाला ठणठण लागू लागली, तर लंगडणे दिसण्याआधीच आपल्याला इशारा मिळालेला असतो.

लग्नाच्या तिथींविषयी आपल्याला आवडणार नाही असे उत्तर द्यावे लागत आहे. वेदनाशामकाच्या जोरावर घोडीला डांबरी रस्त्यावर उभे करणे किंवा ढोल-ताशात नाचवणे, हे तिच्या पायांचे कायमचे नुकसान करणे आहे. औषध पूर्ण बंद असताना ती कडक जमिनीवर सरळ चालते आणि दोन्ही बाजूंना वळते आहे, असे काही आठवडे दिसल्यानंतर आणि एक्स-रे पाहून डॉक्टरांनी होकार दिल्यावरच कामाचा विचार करावा. या हंगामाचे उत्पन्न बुडेल, हे मला समजते. शक्य असल्यास ठरलेल्या तिथी दुसऱ्या घोडीवाल्याकडे वळवाव्यात.

प्रश्न : मी येवल्याचा. वडील बैलांना पत्री मारतात, मी त्यांच्याकडे काम शिकलो. घोडेबाजारामुळे आमच्याकडे घोडेवाले येतात आणि दुखऱ्या खुराचे घोडे दाखवतात. मला हे काम नीट शिकायचे आहे. कुठून सुरुवात करावी? — येवला

उत्तर : आपले पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण वरच्या दोन्ही पत्रलेखकांना ज्या हातांची गरज आहे, ते हात आपल्यासारख्या तरुणांचेच होऊ शकतात. आपल्याला जनावर धरता येते, हत्यार चालवता येते, ही निम्मी तयारी झाली. मात्र बैलाच्या दुभंगलेल्या खुराचे हिशेब घोड्याच्या एकसंध खुराला लावू नयेत. घोड्याच्या तळव्याच्या कडेने भिंत आणि तळवा यांना जोडणारी फिकट रेघ दिसते. खिळा नेहमी त्या रेघेच्या बाहेर बसला पाहिजे. लॅमिनायटिसच्या खुरात हीच रेघ पुढच्या बाजूला रुंद आणि लालसर झालेली दिसते. ती पाहायला डोळा तयार करावा.

सुरुवातीला मेलेल्या घोड्याचा पाय मिळवावा. मृत्यूचे कारण संसर्गजन्य नव्हते असे पशुवैद्यकाने सांगितले असेल तरच, आणि हातमोजे घालून. तो खूर मधोमध उभा करवतीने कापावा. भिंत किती जाड आहे, हाडाचे टोक तळव्यापासून किती जवळ आहे, टाचेखाली किती गादी आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की कानस कुठे थांबवायची हे हाताला कळू लागते. लॅमिनायटिसने मेलेल्या घोड्याचा खूर मिळाला, तर तोही शेजारी कापून ठेवावा. त्यात भिंत आणि हाड यांच्यामध्ये पडलेली फट स्पष्ट दिसते.

शिक्षणासाठी पुण्याच्या रेसकोर्सवरील अनुभवी नालबंदाच्या हाताखाली काही महिने काढता आले, तर त्याहून चांगले काही नाही. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सा विभागात पत्र लिहून घोड्यांच्या खुरांचे रुग्ण पाहण्याची परवानगी मागावी. परत आल्यावर लॅमिनायटिसचा घोडा एकट्याने हाती घेऊ नये. पशुवैद्यकाने एक्स-रे दाखवावा, आपण कानस चालवावी आणि दोघांनी मिळून घोडा चालवून पाहावा, अशी जोडी जमवावी. हाड तळव्यातून बाहेर आलेले असेल किंवा औषधानेही न थांबणाऱ्या वेदनेत घोडा दिवसभर पडून असेल, तर तेथे कानशीचे काम उरलेले नसते. त्याला वेदनेतून सोडवण्याचा निर्णय पशुवैद्यक आणि मालक यांनी घ्यायचा असतो आणि आपण तो लांबवण्याचे आश्वासन कोणाला देऊ नये.

मजुरीविषयी आपण विचारलेले नाही, तरी सुचवतो. एका घोड्यासाठी येवल्याहून दिंडोरीला जाणे परवडत नाही, हे खरेच आहे. म्हणून येवला, निफाड, दिंडोरी आणि नाशिक या वाटेवरच्या घोडेवाल्यांची यादी करून निरोगी घोड्यांसाठी दर पाच-सहा आठवड्यांनी आणि आजारी घोड्यांसाठी दर दोन-तीन आठवड्यांनी ठरलेल्या वारी फेरी ठेवावी आणि प्रवासखर्च सर्वांत वाटून घ्यावा. वरील दोन्ही पत्रलेखकांची तयारी असल्यास त्यांनी संपादकीय कार्यालयाला कळवावे. त्यांच्या संमतीने आपली गाठ घालून देण्याची व्यवस्था कार्यालय करील.